टेसोता घळीची दोन दारं

पोसो ओंदो, ॲरिझोना
२० फेब्रुवारी २०१८

लिंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकलं नसशील असं धरून लिहिते. टाकलं असशील तर पुढचं सगळं वाया, पण माझी लिहायची हौस तरी भागली.

मी ओफेलिया. तुझी एकुलती एक बहीण. वय सहासष्ट, गुडघे शाबूत, जीभही शाबूत. अकरा वर्षांत एवढंच बदललं की केस पांढरे झाले आणि मांजर गेलं.

लिहिण्याचं कारण असं की मला टेसोता घळीचा परवाना मिळालाय. दिवसाला पन्नासच माणसं आत सोडतात, वीस आमच्या पूर्वेच्या दारातून आणि तीस तुझ्याकडच्या पश्चिमेच्या. तारखा खुल्या होतात त्या सकाळी आठच्या ठोक्याला संगणकापुढे बसावं लागतं. मी सातपासून बसले होते. अकरा एप्रिलला पूर्वेकडून शिरायचं, दोन मुक्काम आत, आणि तेराला तुझ्या दारातून बाहेर. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यांना बहुतेक सडकेवर म्हणायचं होतं, मी काही खोलात गेले नाही.

इथले फिरायला जाणारे लोक सांगतात की पश्चिम दारावर एक म्हातारी बसते. पगार घेत नाही, हौसेने बसते, परवाना दोनदा वाचते आणि कुत्रा आणणाऱ्यांना कुत्र्यासकट परत पाठवते. वर्णनावरून ती तूच. तेव्हा आधीच विचारून ठेवते: तेरा तारखेला मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले तर तू मला पाणी विचारशील की परवाना?

फोन केला असता, पण तुझ्याकडे तो लागत नाही. लागला असता तरी केला नसता.

ओफे


पश्चिम दार, टेसोता घळ
२७ फेब्रुवारी २०१८

श्रीमती ओफेलिया कारियो यांस,

आपले दि. २० चे पत्र पावले. विचारलेल्या बाबींचा खुलासा करण्यात येतो की, घळ हे संरक्षित क्षेत्र असल्याने परवाना सर्वांनाच विचारण्यात येतो, नातेसंबंध पाहिला जात नाही. दारावर पाणी पुरवण्याची व्यवस्था नाही. ओढ्याचे पाणी गाळून अथवा उकळून प्यावे. आत लाकूड जाळण्यास मनाई आहे, स्वयंपाकासाठी छोटा गॅस चालेल. कचरा, फळांच्या साली व वापरलेला कागद परत आणावा लागतो. वाट अशी नाही, निम्म्याहून जास्त चालणे ओढ्यातूनच आहे, तरी बोटे झाकणारे बूट घालावेत. ओढ्यातील मासे धरू नयेत. वाकड्या शिंगांच्या मेंढ्या दिसल्यास ओरडू नये.

परवाना दोनदा वाचला जातो याचे कारण पहिल्या वेळी स्वयंसेवकाचा चष्मा डोक्यावर असतो.

कळावे,
एर्लिंदा कारियो, विधवा मोंतिजो
स्वयंसेवक, पश्चिम दार

ता. क. डावा घोटा बांधून चाल. एकसष्ट साली मुरगळलेला तोच ना?

ता. क. दोन. चुलीत टाकलं नाही. माझ्याकडे आता गॅस आहे.


पोसो ओंदो
६ मार्च २०१८

माननीय स्वयंसेवक बाईसाहेब,

आपला खुलासा वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. घोटा तोच. बांधते.

तयारी जोरात आहे. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो राजमा भरून मी रोज चर्चच्या चौकाला बारा फेऱ्या मारते. फादरांनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, हे कसलं प्रायश्चित्त चाललंय. मी म्हटलं, पाप कोणतं ते अजून ठरायचंय. पाण्यातून चालायची सवय व्हावी म्हणून शेताच्या पाटातूनही चालून पाहिलं. पाटाच्या मालकाला ते आवडलं नाही.

काल दुकानात बाल्बिना वहिनी दिसली. टोमॅटोंपाशी उभी होती, मला पाहून साबणांकडे गेली. तिला साबण नको होता. आपला भाऊ रोसेन्दो जाऊन चार वर्षं झाली, पण त्याचा माझ्यावरचा राग ती अजून रोज धुऊन, इस्त्री करून वापरते. डिसेंबरात तिच्या घरी मक्याच्या पानांत तमाले वळायला सगळ्या बायका जमतात. मी माझे बारा एकटीच वळते आणि आठ एकटीच खाते.

आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. बाबांनी पूर्वेकडचा गोठा आणि कुरणं माझ्या नावावर ठेवली, कारण शेवटची तीन वर्षं त्यांचं मी केलं. घळीच्या कार्यालयाची माणसं आली, त्यांनी ती जमीन संरक्षित भागात घ्यायची म्हटलं, मला त्यांचं पटलं आणि मी सही केली. रोसेन्दोची गुरं त्यामुळे हलवावी लागली, हेही खरं. पण त्यांना मी बोलावलं नव्हतं, लिंदा. ते आपणहून फाईल घेऊन दारात उभे राहिले. त्यांना कोणी सांगितलं हे मला आजतागायत माहीत नाही. रोसेन्दोला ते कधी पटलं नाही. म्हणायचा, घर मागायला पाहुणे कोणी आपणहून येत नसतात. तुलाही पटलं नसणार, नाहीतर तू अकरा वर्षं गप्प बसली नसतीस.

झालं. आता सांग, उशी न्यावी का?

ओफे


पश्चिम दार
१४ मार्च २०१८

ओफे,

उशी नेऊ नकोस. कपडे गुंडाळून डोक्याखाली घे.

तू बाकीचं जे लिहिलंस त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. राग नाही, एवढं मात्र खरं धर.

इथे हंगाम सुरू झालाय. काल एक जण विचारत होता की ओढ्याचं पाणी संध्याकाळी बंद करता का. परवा एक जोडपं घडीची खुर्ची, घडीचं टेबल आणि टेबलावर घालायचं कापड घेऊन आलं. मी परवाना वाचला आणि आत सोडलं. दोन तासांनी ते परत आले, बाई पुढे आणि बुवा मागे टेबल डोक्यावर घेऊन. कापड दिसलं नाही, म्हणून मी विचारलं आणि त्यांना परत पाठवून शोधून आणायला लावलं.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात जुन्या नोंदवह्या जुळवायचं काम माझ्याकडे आलं, त्यात तुमच्या पूर्व दाराच्याही होत्या. दोन हजार बाराच्या वहीत, एप्रिलमध्ये, ओफेलिया कारियो, एक व्यक्ती, एक दिवस. कुठपर्यंत गेलात, या रकान्यात लिहिलंय: घोडेपडाव. मग मी तेराची वही काढली. मग चौदाची. सहा वर्षं, सहा वेळा, आणि सहाही वेळा घोडेपडाव.

घोडेपडाव म्हणजे बरोबर अर्धी वाट. पुढची अर्धी माझी. तू सहा वेळा तिथवर येऊन परत फिरलीस आणि मी इथे दारावर बसून होते.

मीही तुला एक सांगते. मी आत जात नाही. इथल्या लोकांना वाटतं गुडघे दुखतात. गुडघे चांगले आहेत. पण जमीन गेली त्या वर्षापासून मी दुसऱ्या वळणापुढे पाऊल टाकलेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सांगते ती जुन्या आठवणीवर.

तर बारा एप्रिलला या दारावर दुसरी बाई बसेल. मी परवाना काढलाय, एका व्यक्तीचा. दुपारी घोडेपडावावर पोचते. तिथून तेराला दोघी इकडे बाहेर पडू.

लिंदा


पोसो ओंदो
२२ मार्च २०१८

लिंदा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला काही चष्म्याची अडचण नाही.

पहिल्या वर्षी मी खरंच तुझं दार ठोठावायला निघाले होते. घोडेपडावावर बसून पोळी खाल्ली, आणि पोळीबरोबर धीरही संपला. मग दरवर्षी वाटायचं की या वेळी पोळी नंतर खावी. पण चालून भूक लागते.

सामानाची वाटणी अशी. तू कॉफी, साखर आणि छोटा गॅस आण, कारण कॉफी तुझ्यासारखी मला अजून जमत नाही. मी पातळ मोठ्या पोळ्या, वाटलेला राजमा, सुकं मांस आणि रानमिरची आणते. भोपळ्याच्या करंज्याही करीन, पण त्या घोडेपडावापर्यंत टिकतील याची हमी नाही. तंबू माझा. जावयाचा आहे, दोन माणसांचा म्हणतात, म्हणजे दीड माणसाचा असणार.

लेक मिर्ता टूसॉनहून येऊन मला पूर्व दारावर सोडेल आणि तेराला तुझ्या दारावर घ्यायला येईल. तिला खरं वाटत नाहीये. म्हणाली, मावशी खरंच येणार का. मी म्हटलं, तिने लेखी दिलंय.

ओफे


पश्चिम दार
४ एप्रिल २०१८

ओफे,

हे तुला निघण्याआधी मिळायला हवं म्हणून आज टपालाच्या गाडीवाल्याला हातात देतेय. तुला समोर बघून मला हे सांगता येणार नाही, आणि न सांगता तुझ्यासमोर बसता येणार नाही.

कार्यालयाला मी कळवलं होतं.

चानो गेला आणि मी विधवा झाले, त्या वर्षीचा उन्हाळा तुला आठवत असेल. घरात बसवत नव्हतं म्हणून मी एकदा एकटीच इकडून घळीत शिरले आणि घोडेपडावापर्यंत गेले. तिथे ओढा नव्हताच. रोसेन्दोची गुरं सगळी खाली उतरलेली होती. शेणाचा चिखल, त्यात रुतून मेलेलं एक वासरू, आणि कॉटनवुडच्या रोपट्यांचे कुरतडलेले शेंडे. आपण लहानपणी जिथे फडक्यात मासे धरायचो त्या डोहात घोटाभर हिरवं पाणी होतं. मी येऊन रोसेन्दोशी बोलले. गुरं थोडी वर ठेव, ओढ्याला कुंपण घाल. तो म्हणाला, तुम्हा बायकांना ओढा म्हटलं की धुणं आठवतं. आणि हसला. तो हसला म्हणून मी घरी येऊन दोन पानं लिहिली. खाली सही केली. तीन सप्टेंबर दोन हजार सहा.

मला वाटलं होतं की कोणी साहेब येईल, रोसेन्दोला चार शब्द सुनावेल, कुंपण होईल. जमीनच घेतील असं मनात आलं नव्हतं. पण मग ते तुझ्या दारात आले, तू सही केलीस, आणि रोसेन्दो म्हणाला की ओफेलियाने बोलावलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू, करता करता सगळं घर तसं म्हणायला लागलं, आणि मग बोलायला तोंडच राहिलं नाही.

रोसेन्दोच्या अंत्यविधीला मी पहिल्या बाकावर बाल्बिनाचा हात धरून बसले होते. तू शेवटच्या बाकावर एकटी. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण तू माझ्याकडे बघत असशील असं वाटलं. तुला वाटलं मी रागावले. मला तुझा राग कधीच नव्हता, ओफे. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटायची.

हे वाचून तू आली नाहीस तर मी समजून घेईन. बारा तारखेला संध्याकाळपर्यंत वाट बघेन आणि परत फिरेन.

लिंदा


पश्चिम दार
१७ एप्रिल २०१८

लाडके ओफे,

तू मिर्ताच्या गाडीत बसून गेलीस त्याला चार दिवस झाले. पाय अजून सुजलेले आहेत आणि मी कारण नसताना हसते. दारावरच्या दुसऱ्या बाईने विचारलं, उन्हात जास्त बसलात का.

तुला सांगायचं होतं ते तिथे सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाराला मी पहाटे निघाले ती दुसऱ्या वळणाशी जाऊन थांबले. पंधरा मिनिटं पाण्यात उभी होते. मागून एक तरुण जोडपं आलं, म्हणालं, आजी, वाट चुकलात का. मी त्यांना सांगत असते ती वाट त्यांनी मला सांगितली. मग गेले. मी ओढा शोधत होते आणि जंगलातून चालत होते. कॉटनवुड पन्नास फुटी, एवढे दाट की दोन्हीकडचे लाल कडे मधूनच दिसावेत. पाणी मांडीपर्यंत, तळाची वाळू दिसते, आणि पायांभोवती मासे. घोडेपडावावर दहा वाजताच पोचले. बसले आणि ठरवलं की तू येणार नाहीस.

मग तू दिसलीस. गुडघाभर पाण्यात, ती भयंकर टोपी, हातात काठी, आणि पाठीवरून लोंबणारा तंबू. तू काठावर चढलीस, मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, “कॉफी झालीय का?”

एवढंच. मी अकरा वर्षं त्या क्षणाला घाबरत होते. मी म्हटलं, तुझं मन फार मोठं आहे. तू मला पोळी दिलीस आणि म्हणालीस, “असू दे गं, माझ्याकडे अजून चार आहेत.”

मग लांब नाकांच्या कोआतींची टोळी आली, शेपट्या वर करून, मास्तरांमागे पोरं निघावीत तशी, आणि मधल्या एकीने तुझी करंजी तुझ्या मांडीवरून उचलली. तू तिच्यामागे धावलीस आणि सपाट पडलीस. सहासष्टाव्या वर्षी माणूस पाण्यात एवढं हसत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. कड्यावर त्या वाकड्या शिंगांच्या मेंढ्या थांबून बघत होत्या. ओरडू नये असा नियम आहे, तरी तू ओरडलीस. मी नोंद केलेली नाही.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. जेवण झाल्यावर तू त्या झाडांकडे बघत म्हणालीस, “ज्याने कोणी त्या लोकांना बोलावलं असेल, त्याचं भलं होवो.” मला रडू फुटलं. तू पाठीवरून हात फिरवलास आणि काही विचारलं नाहीस. माझं नाव न घेता मला माफ केलंस, आणि तेही अशा तऱ्हेने की मला खाली बघावं लागू नये. हे तुलाच जमतं. मला जमलं नसतं.

लिंदा


पोसो ओंदो
२१ एप्रिल २०१८

लिंदा,

मी पाच एप्रिललाच टूसॉनला गेले होते. मिर्ताला बुटांची चिंता होती, म्हणाली, नवे घे आणि इथे चालून मऊ कर. तुला कळवायचं राहिलं. तिच्याकडूनच घळीत आले, आणि तुझ्या दारावरून परत तिच्याकडेच गेले. काल घरी आले.

टपालाच्या पेटीत तुझी दोन्ही पत्रं होती, चारची आणि सतराची. आधी चारची वाचली.

तू रडलीस तेव्हा मला वाटलं रोसेन्दोची आठवण आली. आणि मी अजून चार आहेत म्हटलं ते पोळ्यांबद्दल.

सध्या लिहू नकोस.

ओफेलिया


पोसो ओंदो
१२ मे २०१८

लिंदा,

तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. तीन आठवडे मी तुझ्याशी इतकं भांडले आहे की तू इथे नसल्याचं मधूनमधून विसरायला व्हायचं. भांडी घासताना भांडले. फेऱ्या मारताना भांडले. फादरांनी विचारलं, अजून चाललंच आहे का प्रायश्चित्त. मी म्हटलं, माझं संपलं, आता दुसरीचं.

तू रोसेन्दोला वीस वर्षांची असल्यापासून घाबरायचीस हे मला ठाऊक आहे. तो हसला की तुझं तोंड बंद व्हायचं. हेही ठाऊक आहे. पण तो मेल्यावरही तू चार वर्षं गप्प राहिलीस, ते कोणाच्या भीतीने? तो आजारी पडला तेव्हा मी सूप घेऊन गेले होते. बाल्बिनाने भांडं दारातूनच परत दिलं, झाकणही न उघडता. मी ते सूप गाडीत बसून प्याले, लिंदा. कारण टाकायला जीव होईना. आत माझा भाऊ झोपला होता आणि मी बाहेर त्याचं सूप पीत होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

घोडेपडावावर मी जे म्हटलं, त्याचं भलं होवो, ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. रोज सकाळी घेऊन बघते. पण मग ती झाडं डोळ्यांपुढे येतात आणि घेता येत नाही. तू कार्यालयाला पत्र लिहिलंस ते बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं असतं, आणि एक पान जास्त. पत्राचा मला राग नाही. त्यानंतरचा आहे.

माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण ते अजून खरं नाही. एकच सांगते. मला तू सांगितलंस, आता बाल्बिनाला सांग. पत्राने नाही. पत्राने तू फार छान सांगतेस. तोंडाने सांग, तिच्या स्वयंपाकघरात बसून.

ओफे


पश्चिम दार
२४ मे २०१८

ओफे,

जाऊन आले.

सोमवारी सकाळी निघाले. दोनदा गाडी बाजूला घेतली. दुसऱ्या वेळी परत वळवलीही होती, पण तिथे सडक अरुंद आहे, पुरती वळली नाही, आणि मागून ट्रक आला. म्हणून पुढेच गेले. यात शौर्य काही नाही.

बाल्बिना निवडुंगाच्या पानांचे काटे काढत बसली होती. मला बघून आनंदली. म्हणाली, बस, मुलं जेवायला येतील, तूही जेव. मी म्हटलं, आधी ऐक. आणि उभ्याउभ्याच सांगितलं सगळं, तारखेसकट. वासरू, रोसेन्दोचं हसणं, दोन पानं, सही. ओफेलियाला काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

तिने सुरी थांबवली नाही. तीन पानं साफ केली, चौथं हातात घेतलं, मग विचारलं, “त्याला माहीत होतं?”

मी नाही म्हटलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. ते कोणासाठी बरं झालं हे मला कळलं नाही. मग म्हणाली, “तू माझा हात धरून बसली होतीस.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिने हात धुतले, पुसले, आणि मला सांगितलं की आता जा, मुलं येतील, त्यांच्यासमोर तू नको. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दारापर्यंत आली नाही. मी गाडीत बसले तेव्हा आतून सुरीचा आवाज परत सुरू झाला होता.

तू सांगितलंस म्हणून गेले हे खरं आहे. पण परत येताना मला असं वाटत नव्हतं की तुझ्यासाठी गेले होते. अंग हलकं वगैरे झालं नाही. घरी आले, जेवले आणि झोपले, आणि दुसऱ्या दिवशी दारावर जाऊन बसले. सकाळी गर्दी कमी होती. मी दुसऱ्या बाईला म्हटलं, तू इथे बस, मी जरा आत जाऊन येते. पाचव्या वळणापर्यंत गेले. पाण्यात बगळा उभा होता. मला बघून उडाला नाही.

लिंदा


पोसो ओंदो
५ जून २०१८

लिंदा,

रविवारी प्रार्थनेनंतर मी घरात शिरते न शिरते तोच दारावर थाप पडली. बाल्बिना वहिनी. काळा पोशाख, हातात झाकलेलं भांडं. अकरा वर्षांत ती या पायरीवर चढली नव्हती, त्यामुळे तिला बेल कुठे आहे ते आठवेना.

मी दार उघडून उभी राहिले. ती पण उभी राहिली. शेजारीण कुंपणाशी येऊन झाडांना पाणी घालायला लागली, त्या झाडांना आधीच घातलेलं होतं.

शेवटी वहिनी म्हणाली, “मी तुझ्यावर अकरा वर्षं रागावले. ते सगळं फुकट गेलं.”

मी म्हटलं, आत ये.

भांड्यात निवडुंगाची भाजी होती, अंडं घातलेली. मी पोळ्या गरम केल्या. आम्ही जेवायला बसलो. मग तिने सुपाचा विषय काढला. म्हणाली, त्या दिवशी भांडं परत दिलं ते रोसेन्दोने आतून ऐकलं होतं. त्याने विचारलं, कोण होतं. तिने सांगितलं, घर चुकलेलं कोणीतरी. तो म्हणाला, वास ओफेच्या सुपाचा येतोय. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एवढं सांगून ती रडली. मीही. भाजी गार झाली, ती पुन्हा तापवली.

निघताना तिला म्हटलं, मग तो राग आता लिंदावर काढ, तिची वेळ आहे. तिने विचार केला. म्हणाली, “आता माझ्यात तेवढा जोर नाही. निम्मा तू घे.” मी तिला सांगितलं की माझा वाटा माझ्याकडे आहे आणि पुरेसा आहे.

पायरी उतरताना तिने विचारलं की त्या घळीत तिच्या वयाच्या बाईला सोडतात का, आणि खरंच तिथे परत मासे आलेत का. मी म्हटलं, ते मी कशाला सांगू, ज्या बाईला विचारायचं ती आहे ना. वहिनी गेटपर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, मग तिलाच बोलाव.

म्हणून बोलावते. आम्ही दोघी तुझ्यावर रागावलेल्या आहोत. शनिवारी जेवायला ये.

ओफे